सामनेवाले क्रमांक तीन

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये दुपारी दोन ते चार या वेळात काहीही घडत नसे, आणि ते न घडणं मला फार आवडायचं. दहाव्या मजल्याचा लांब कॉरिडॉर, कठड्यालगतच्या कुंड्या, बांबूंवर वाळणारे कपडे आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या बाजूला पाण्यात विरघळल्यासारखं दिसणारं आकाश. कोकीळ इथे बाराही महिने ओरडतो, त्यामुळे त्याच्या ओरडण्याला कुणी किंमत देत नाही. मी घरी बसून वॉशिंग मशीन, रक्तदाब मोजायची यंत्रं असल्या वस्तूंच्या माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम करायची. 'यंत्र ओल्या हाताने हाताळू नये' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याचा विचार केला तरी झोप येते. त्या गुंगीतच मी काकांना पहिल्यांदा पाहिलं असणार, कारण माझ्या आठवणीत ते कधी आले असं नाहीच. ते होतेच.

आमच्यापासून तिसरं दार त्यांच्या मुलाचं. मुलगा वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत संशोधक, सूनही नोकरी करणारी. दोघं साडेसातला बाहेर पडत ते संध्याकाळी सातला परतत. इथल्या फ्लॅटना दोन दारं असतात, आतलं लाकडी आणि बाहेरचं लोखंडी जाळीचं. काका लाकडी दार सताड उघडून जाळीच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर पेपर. जाळीला बाहेरून कुलूप. मी ते कुलूप रोज पाहत होते, जशा कुंड्या पाहत होते.

कुलपाची हकिगत मला त्यांच्या मुलानं सांगितली होती, जादा किल्ली देताना. आई गेल्यावर त्यानं बाबांना लाँग टर्म व्हिजिट पासवर इकडे आणलं. महिन्याभरात बाबा एकदा गॅस चालू ठेवून झोपले. एकदा शेजारच्या ब्लॉकच्या दहाव्या मजल्यावर जाऊन कुणा मलाय कुटुंबाचं दार आपलंच समजून वाजवत राहिले. आणि एके दिवशी चालत चालत सरहद्दीवरच्या चेकपॉइंटला पोचले आणि मलेशियाला जाणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. पासपोर्ट घरी. ऑफिसरनं मुलाला फोन केला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता.

"ताई, काही झालं ना, तर पोलीस मलाच विचारणार," तो म्हणाला. "ही किल्ली ठेवा. आग बिग लागली तर."

मी किल्ली फ्रिजवरच्या वाटीत टाकली. पुण्याच्या सुशिक्षित घरात वाढलेल्या माणसाला कुणी विश्वासानं काही सोपवलं की तो त्यात फक्त आपला मोठेपणा पाहतो.

रांगेबद्दल काकांना विचारलं, तर त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "लोक चालले होते, मी पण उभा राहिलो. रांगेत उभ्या माणसाला कुणी कुठं चाललास म्हणून विचारत नाही, बाई. बरं वाटतं."

काका एका तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स, नोटिसा, हुकूम घेऊन गावोगाव जायचं, माणूस शोधायचा, कागद त्याच्या हातात द्यायचा आणि 'मिळाली' म्हणून सही घ्यायची. माणूस घेईना, तर दोन पंचांसमक्ष दाराला चिकटवायचा. एसटीनं जायचं, पारावर बसायचं, माणूस शेतातून येईपर्यंत वाट पाहायची. छत्तीस वर्षं ते लोकांच्या दारांबाहेर बसले होते. आता आत बसत होते. हे त्यांनी मला सांगितलं नाही, माझंच माझ्या लक्षात आलं, आणि असं काही चमकदार लक्षात आलं की मला माझाच संशय येतो.

आमच्या गप्पा जाळीतून चालत. मी माझी खुर्ची बाहेर आणायची. पलीकडच्या दारातली चिनी आँटीही कधी कधी यायची, जाळीतून काकांना केळं किंवा तांदळाच्या पिठाची हिरवी गोड वडी द्यायची आणि न चुकता विचारायची, "अंकल, व्हाय युअर सन लॉक यू? यू गँगस्टर आ?"

"यस," काका गंभीरपणे म्हणायचे. "बिग गँगस्टर."

आँटी खुश होऊन जायची. मग परत शांतता. पंख्याचा आवाज, खाली कुठेतरी गवत कापायचं मशीन, आणि काकांचा सावकाश आवाज. त्या आवाजात ओढे होते, बंद पडलेल्या एसट्या होत्या, नोटीस घेऊन आलेल्या माणसालाही आधी पाणी देणारी गावं होती. मी ऐकता ऐकता कधी डोळे मिटत असे, कळत नसे. एकदा डोळे उघडले तर तेही झोपले होते. दोघांमध्ये जाळी, आणि कोण आत, कोण बाहेर हे त्या उन्हात पटकन सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास कधीतरी पेपरात एक बातमी आली. खटला न भरता अटकेत ठेवलेल्या कुणा माणसानं कोर्टात अर्ज केला होता की मला कशासाठी ठेवलंय ते विचारा. पेपरानं ती आतल्या पानावर, शाळेतल्या नव्या पोहण्याच्या तलावाच्या बातमीखाली छापली होती. काकांनी ती पेनानं चौकटीत घेतली होती.

"हे हेबियस कॉर्पस," ते म्हणाले. "इथं पण असतंय?"

"असतं. पण त्याचं लॅटिन नाव काढून टाकलंय त्यांनी. आता म्हणतात ऑर्डर फॉर रिव्ह्यू ऑफ डिटेन्शन."

काका जरा नाराज झाले. मला गंमत वाटली. काळे झगे, लाकडी हातोडे, मरून गेलेल्या भाषांतले शब्द या सगळ्याचं मला नेहमीच हसू येत आलंय; माणसांना साधं बोलायची लाज वाटते तेव्हा ती लॅटिन बोलतात असं माझं मत आहे. काका म्हणाले, "तसं नाही बाई. त्या नावाला लोक घाबरायचे. मी बघितलंय."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. एका मोठ्या बागायतदारानं स्वतःच्या मुलीला माडीवर डांबून ठेवलं होतं. तिला दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करायचं होतं. मुलानं हायकोर्टात अर्ज केला, हायकोर्टाचा हुकूम तालुक्याला आला आणि तो बजावायला काकांना पाठवलं. बागायतदारानं काकांना ओसरीवरही चढू दिलं नाही. "मी काय, उन्हात उभा राहायची सवय होतीच," काका एवढंच म्हणाले. तो म्हणाला, इथं कुणी मुलगी नाही. काकांना घरात शिरायचा अधिकार नव्हता. म्हणून त्यांनी अंगणात उभं राहून सबंध हुकूम मोठ्यानं वाचला. इंग्रजी, मग त्याचा अर्थ मराठीत, वर माडीपर्यंत ऐकू जाईल असा. तारखेला मुलगी कोर्टात हजर होती.

"जज्जनं काय विचारलं असेल तिला? लग्नाचं नाही, मुलाचं नाही. विचारलं, बाई, तुला कुठं जायचंय? ती म्हणाली, ते अजून ठरवलं नाही. जज्ज म्हणाले, जा." काकांनी पेपराची घडी घातली. "एवढंच असतंय त्यात. माणूस चांगला का वाईट, ते नंतर. आधी ठेवणाऱ्यानं सांगायचं, कुठल्या अधिकारानं ठेवला."

काकांच्या उशाशी संविधानाची मराठी प्रत असायची, पिशवीच्या कापडाचं कव्हर घातलेली. सकाळची वंदना झाली की ते त्यातलं एक पान वाचत. आमच्या पुण्याच्या घरात पुस्तकांची चार कपाटं होती, आणि सगळ्या जगाची नाटकं त्यांत होती. संविधान नव्हतं. काकांनी विचारलं, इथलं संविधान आहे का तुमच्याकडं? म्हणजे सिंगापूरचं. तेही नव्हतं. मी ते इंटरनेटवर शोधून वाचून दाखवलं. कुणा व्यक्तीला बेकायदा अडकवल्याची तक्रार हायकोर्टाकडे आली, तर कोर्टानं चौकशी करावी, आणि अडकवणं कायदेशीर असल्याची खात्री पटली नाही तर तिला समोर आणवून सोडून द्यावं.

"'पर्सन' म्हणतंय ना? 'सिटिझन' नाही?"

"पर्सन."

"मग आपण बसतो त्यात," काका म्हणाले.

मी हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी जाळीतून एका अर्जाच्या तीन प्रती बाहेर सरकवल्या. "वाचून बघा. इंग्रजी तुम्ही करायचं. फी काय होईल ती देईन."

फुलस्केप कागद, डावीकडे मुडपलेला समास, अक्षर मोत्यासारखं. मेहरबान हायकोर्ट, सिंगापूर, यांचे सेवेशी. खाली अर्जदार म्हणून त्यांचं नाव, वय, धंदा निवृत्त. मग सामनेवाले. क्रमांक एक, मुलगा. क्रमांक दोन, सून. मी मनातल्या मनात भाषांतर करत पुढे सरकले, आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. सामनेवाले क्रमांक तीन: शेजारीण, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा भाषांतर. यांच्या ताब्यात सदर कुलपाची दुसरी किल्ली असून, अर्जदार दररोज दिसत असूनही यांनी कुलूप उघडलेले नाही.

वय बेचाळीस होतं. पण हरकत घ्यायची ती जागा नव्हती.

"काका, मी पण?"

"किल्ली तुमच्याकडं आहे का नाही?"

"आहे, पण ती आगीसाठी. तुम्हाला कसं कळलं?"

"पोरगं फोनवर बायकोला सांगत होतं. मला ऐकू येतंय चांगलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला त्रास झाला. "बाई, तुमच्याशी माझं काही वाकडं नाही. पण ज्याच्या हातात किल्ली त्याला पार्टी करावंच लागतं. नाहीतर अर्ज फेटाळतात."

महिनोन्‌महिने मी त्या माणसासमोर खुर्ची टाकून बसत होते. त्याच्या गोष्टी ऐकत होते, त्यातल्या बागायतदाराला मनातून शिव्या देत होते, आणि चहाची वेळ झाली की उठून घरी जात होते, जिथे फ्रिजवरच्या वाटीत किल्ली होती. मला ती दिसत नव्हती असं नाही. तिच्याखाली टाचण्या असायच्या, त्या काढताना मी ती बाजूला करायची.

काकांनी पेन जाळीतून पुढे केलं. "सामनेवाल्यांना एकेक प्रत. तुमची ही. मागं लिहा, मिळाली. सही, तारीख."

मी लिहिलं. त्यांनी सही निरखली, समाधानानं मान हलवली. आँटी हे सगळं दारातून बघत होती. "पंच म्हणून ह्यांना घेणार होतो," काका म्हणाले. "तुम्ही घेतली नसती तर जाळीला चिकटवावी लागली असती. पण दुसरा पंच कुठून आणायचा? एका पंचावर भागत नाही."

"आता काय?"

"आता तुम्ही तुमचं म्हणणं द्यायचं. लेखी. मग बघू हायकोर्टात जायचं का ते."

तो कागद मी तीन दिवस भाषांतरासाठी म्हणून टेबलावर ठेवला. म्हणणं मला देता येईना. 'मला तसं सांगितलं होतं' हे मी लिहिलं आणि खोडलं. रविवारी सकाळी मी तिन्ही प्रती घेऊन त्यांच्या घरी गेले.

मुलगा आधी हसला. "बाबांनी ताईंना पण सोडलं नाही!" मग तो वाचत गेला आणि हसणं जिरलं. "बाबा, हे काय आहे? मी तुम्हाला डांबून ठेवलंय? डांबून? गुंड आहे का मी?"

"मला काय विचारतोस," काका म्हणाले. "म्हणणं दे. कलमवार. खरं असेल तिथं खरं लिही, खोटं असेल तिथं कबूल नाही म्हण."

"तुम्ही गाडीखाली आला असता म्हणजे?"

"ते म्हणण्यात लिही."

"आणि चेकपॉइंटचं?"

"ते पण लिही. जागा आहे की कागदाला."

मुलगा चिडून बसला. टेबलावर वही होती ती ओढली, आणि बहुधा दहा वर्षांनी मराठीत लिहू लागला. वाकडंतिकडं अक्षर, ओठ मिटलेले. मला वाटतं तो बापाला हरवायला लिहायला बसला होता. कलम एक, अर्जदार हे सामनेवाले क्रमांक एक यांचे वडील आहेत. खरं आहे. कलम दोन, अर्जदार सदर फ्लॅटमध्ये राहतात. खरं आहे. कलम तीन, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते सायंकाळी सात जाळीला बाहेरून कुलूप असते. त्यानं आमच्याकडे पाहिलं. खरं आहे.

"कलम चार," काका पाठ म्हणत होते. "अर्जदाराने कोणताही गुन्हा केलेला नाही."

पेन थांबलं. खालून कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवातलं मलाय गाणं वर येत होतं, मध्येच वाऱ्यानं तुटत, मध्येच जुळत.

"बाबा, गुन्ह्याचा प्रश्नच नाहीये."

"मग लिही खरं आहे म्हणून."

तेवढ्यात सून ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुलपाचं मी सांगितलं होतं. गॅस मी बघितला होता, बाबा. तुम्ही झोपला होतात, मी अर्धा तास आधी आले म्हणून. नाहीतर काय झालं असतं? मला एक नंबरला टाका. ह्यांना दोनला."

काकांनी वहीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. इतके दिवस मला त्यांचं शहाणपण दिसत होतं आणि मला तेच बघायचं होतं; गॅसची हकिगत मी त्यांच्या मुलाकडून ऐकून सोयीस्कर विसरले होते.

"गॅसचं खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "मला आठवत नाही, म्हणजे खरंच असणार. पण पोरी, मग गॅसला कुलूप लाव की. चुकला तो, आणि बाहेर मी जायचं नाही?"

हसावं की नाही, कुणाला कळेना. सून हसली, डोळे पुसत.

"कलम पाच," काका म्हणाले. "सामनेवाले यांना अर्जदारास असे ठेवण्याचा अधिकार नाही."

मुलानं लिहिलं, 'कबूल नाही. मी मुलगा आहे.' मग ते स्वतःच वाचलं. मी समोरच बसले होते, मला दिसत होतं. त्यानं पुढे काहीतरी लिहायला पेन टेकवलं, उचललं. पुन्हा टेकवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"बाबा, मला भीती वाटते हो," तो म्हणाला.

"ते कळतंय मला. ते लिही. पण त्याला अधिकार म्हणत नाहीत."

त्यानं लिहिलं नाही. वही मिटली आणि आत जाऊन पडला. त्या दिवशी निर्णय काही झाला नाही. काकांनी मला सांगितलं की सामनेवाल्यांनी मुदत मागितली असं धरून चाला.

सोमवारी सकाळी साडेसातला माझी बेल वाजली. मुलगा लॅपटॉपची बॅग लावून उभा. "ताई, ती किल्ली देता?" मी वाटी धुंडाळून दिली. त्यानं ती खिशात टाकली. "गॅसचा मेन व्हॉल्व्ह बंद केलाय. त्यांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबर आहे, स्वतःच्या अक्षरात लिहून घेतला. गळ्यात कार्ड घालायला तयार नाहीत, आरोपी आहे का म्हणतात." तो लिफ्टकडे गेला, परत आला. "जरा लक्ष..." म्हणाला, आणि थांबला. "नाही. असू दे."

जाळीला कुलूप नव्हतं. काका आत खुर्चीवर बसले होते. सोमवारी बसून होते, मंगळवारी, बुधवारी. मी खुर्ची टाकून समोर बसायचं टाळलं; काय म्हणून बसू, हे मला कळेना. आँटीनं जाळी ढकलून केळं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वा, अंकल, रिलीज ऑलरेडी!" ते हसले, पण उठले नाहीत. मला वाटलं, झालं, इतकंच हवं होतं त्यांना. कागदावर. माझ्यातल्या संशयी बाईला बरंही वाटलं.

गुरुवारी अडीच वाजता खुर्ची रिकामी होती.

मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले. कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली पर्जन्यवृक्षांचे शेंडे, बसचा थांबा, छत्री घेऊन सावकाश जाणारी एक बाई. दहाव्या मजल्यावरून सगळी माणसं सारखीच दिसतात. समोरच्या ब्लॉकलाही आमच्यासारखाच कॉरिडॉर, तशाच कुंड्या, तसेच बांबू. काका चुकून तिकडे गेले असतील तर तिथेही तिसऱ्या दारात असतील. पायात चपला घालून मी लिफ्टपाशी उभी राहिले. लिफ्ट आली, उघडली, रिकामी. मी आत शिरले नाही. ती मिटून खाली गेली.

तीन वाजता मुलाचा फोन. "ताई, बाबा फोन उचलत नाहीयेत. घरी आहेत?"

"नाहीत."

"कुठे गेले?"

"बाहेर."

मागून ऑफिसातले आवाज येत होते. "मी निघू का?" हा प्रश्न त्यानं मला विचारला होता, आणि मला त्याचं उत्तर देण्याचा अधिकार नव्हता, हे मी गेल्याच आठवड्यात शिकले होते. मी म्हटलं, "तू ठरव." तो निघाला नाही. साडेतीनला त्याचा फोन आला, चारला आला. चारला दोघांनीही काही विचारलं नाही, नुसते फोन धरून होतो. मग पाऊस आला, इथला दुपारचा, सगळं पांढरं करून टाकणारा. जोहोर पुसलं गेलं, समोरचा ब्लॉक पुसला गेला. त्या पांढऱ्यात बघता बघता मला असंही वाटलं की काका मुळात होते की नाही. पेंगता पेंगता मीच त्यांना त्या खुर्चीवर बसवलं असेल.

सव्वापाचला लिफ्ट उघडली. काका. केस बारीक कापलेले, कानांमागे पांढरी पावडर, शर्ट खांद्यांवर भिजलेला. खालच्या सलूनमध्ये गेलो होतो म्हणाले, चिनी म्हातारा आहे, त्याला हिंदी येत नाही, मला त्याचं काही कळत नाही, फार छान वेळ गेला. मग पाऊस लागला म्हणून तिथंच बसलो. येताना ब्लॉक चुकलो, एकदा, पण आकडा बघितला आणि परत फिरलो.

माझा फोन पुन्हा वाजला. काकांनी हात पुढे केला.

"हां. मीच," ते म्हणाले. "कटिंगला. नाही, लांब नाही... अरे, भिजलोय थोडा, काय विरघळतोय का मी?" मग ते बराच वेळ ऐकत राहिले. पलीकडे मुलगा काय बोलत होता ते मला कळलं नाही. बोलत होता की नुसताच होता, तेही नाही. "बरं. ये सावकाश," काका म्हणाले. "आणि उद्या मी परत जाणाराय. हां. सांगून ठेवतोय."

त्यांनी फोन मला दिला, रुमालानं डोकं पुसत घरात गेले आणि जाळी नुसती लोटून घेतली.